सूक्ष्म रोधमापनातील जोडण्या, शील्ड आणि गार्ड : एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न विचारणारे संशोधक विद्यार्थी आहेत आणि त्यांची अडचण दुहेरी आहे. द्रव नायट्रोजनच्या क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे नमुना अतिथंड ठेवणाऱ्या पात्रामध्ये, ते धातूच्या एका पातळ पट्टीचा रोध खोलीच्या तापमानापासून ७७ केल्व्हिनपर्यंत मोजत आहेत. १० मिलिअँपियर प्रवाह सोडला की नमुन्यावर २१५ मायक्रोव्होल्ट दिसतात, प्रवाहाची दिशा उलटी केली की १८५ दिसतात आणि दोन्ही वेळा शेवटचे अंक नाचत राहतात. त्याच क्रायोस्टॅटमध्ये ऑक्साइडचा दुसरा नमुना बसवला की त्याचा रोध कोरड्या दिवशी १० गिगाओहमच्या आसपास येतो आणि पावसाळी दिवशी ८ गिगाओहमवर उतरतो. उपाय म्हणून त्यांनी सगळ्या वायरींवर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळली आणि ती क्रायोस्टॅटच्या बाजूला व उपकरणाच्या बाजूला अशी दोन्ही टोकांना अर्थ केली. त्यानंतर आकडे पूर्वीपेक्षा जास्त हलू लागले. आता चांगले शील्डिंग, म्हणजे वायरींभोवतीचे धातूचे संरक्षक आवरण, नेमके कसे करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

या प्रश्नात शील्डिंगचा भाग सर्वांत लहान आहे, म्हणून तो मी मागे ठेवतो. वरच्या तीन तक्रारींपैकी दिशा बदलल्यावर पडणारा फरक आणि पावसाळ्यातली घट या दोन तक्रारींशी शील्डचा संबंध नाही, आणि तिसरी तक्रार फॉइलनेच वाढवलेली आहे. मोजणीच्या परिपथात आपण काढलेल्या आकृतीपेक्षा कितीतरी जास्त घटक असतात: प्रत्येक जोड ही एक लहानशी बॅटरी असते, प्रत्येक निरोधक हा एक मोठा रोध असतो आणि वायरींनी वेढलेले प्रत्येक क्षेत्र हे ट्रान्सफॉर्मरचे दुय्यम वेटोळे असते. नमुन्याचा रोध एका ओहमहून कमी असेल तर यांपैकी बॅटऱ्या आणि वेटोळी त्रास देतात. तो शंभर मेगाओहमच्या वर गेला की निरोधकांतून होणारी गळती त्रास देते. एकाच क्रायोस्टॅटमध्ये दोन्ही नमुने एकाच वायरिंगवर मोजण्याचा हट्ट धरला, तर दोहोंपैकी एकावर अन्याय होणारच.

प्रथम धातूच्या पट्टीकडे पाहू. तिला चार वायरी आहेत: दोन प्रवाहाच्या आणि दोन व्होल्टेज मोजण्याच्या. २१५ आणि १८५ यांची सरासरी २०० येते आणि मधला फरक दोन्ही बाजूंना १५ मायक्रोव्होल्टचा आहे. म्हणजे खरा रोध २० मिलिओहम आहे आणि प्रवाहाच्या दिशेशी काहीही देणेघेणे नसलेले १५ मायक्रोव्होल्ट परिपथात कायमचे बसलेले आहेत. हे उष्णतेमुळे उद्भवणारे व्होल्टेज होय. दोन वेगळे धातू जेथे भेटतात ते जोड निरनिराळ्या तापमानाला असले की असे व्होल्टेज निर्माण होते आणि ते किती असेल हे धातूंच्या जोडीवर ठरते. स्वच्छ तांब्याला स्वच्छ तांबे दाबून जोडले तर अंशामागे ०.२ मायक्रोव्होल्टहून कमी; तांबे आणि चांदी किंवा सोने यांच्यात सुमारे ०.३, तांबे आणि शिसे-कथलाचा नेहमीचा सोल्डर यांच्यात १ ते ३, तांबे आणि कोवार या मिश्रधातूत ४० ते ७५, आणि तांब्यावर चढलेला काळपट ऑक्साइडचा थर मध्ये आला तर अंशामागे १००० मायक्रोव्होल्टच्या घरात. शेवटचा आकडा पुन्हा एकदा वाचावा. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे ड्रॉवरमध्ये पडलेली तांब्याची लग (वायरीच्या टोकाला लावायची चपटी पट्टी) न घासता स्क्रूखाली दाबणे किती महागात पडते, ते त्या आकड्यात आहे.

क्रायोस्टॅटच्या माथ्यावर हवाबंद कनेक्टर असतो आणि काच व धातू यांचा सांधा टिकावा म्हणून त्याच्या पिना पुष्कळदा कोवारच्याच असतात. नायट्रोजनची वाफ मानेतून वर येऊन तो माथा थंड करते, आणि ज्या बाजूने वाफ निघते त्या बाजूच्या पिना दुसऱ्या बाजूच्या पिनांपेक्षा थोड्या जास्त थंड होतात. दोन व्होल्टेज पिनांच्या तापमानात अर्ध्या अंशाचाही फरक पडला तरी वीसहून अधिक मायक्रोव्होल्ट उभे राहू शकतात. आपले १५ मायक्रोव्होल्ट बहुधा तेथूनच येत आहेत. याची खातरजमा करणे सोपे आहे: प्रवाह बंद ठेवून नॅनोव्होल्टमीटर चालू ठेवावा आणि कनेक्टरच्या एका व्होल्टेज पिनेचा मागचा भाग दोन बोटांत अर्धा मिनिट धरावा. बोटांच्या उबेने आकडा हळूहळू सरकू लागतो आणि बोटे काढल्यावर तितक्याच संथपणे परत येतो. हा सरकता आकडा एकदा डोळ्यांनी पाहिला की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

उपाय दोन पातळ्यांवर आहेत. पहिला जोडणीचा. व्होल्टेजच्या दोन्ही वायरी एकाच रिळातून, सलग कापून घ्याव्यात आणि त्या नमुन्यापासून नॅनोव्होल्टमीटरपर्यंत शेजारी शेजारी, एकाच मार्गाने न्याव्यात. सलग, एकजिनसी वायरीत दोन टोकांच्या तापमानातील फरकामुळे जे व्होल्टेज येते ते दुसऱ्या वायरीतही तेवढेच येते आणि वजाबाकीत नाहीसे होते. मात्र वायरीला तीव्र मुडप पडली असेल किंवा ती ताणली गेली असेल तर त्या जागी धातू एकजिनसी राहत नाही. कोवारच्या पिना टाळायच्या असतील तर तांब्याच्या दोन बारीक वायरी इपॉक्सीने भरलेल्या छिद्रातून अखंड बाहेर काढता येतात. हे काम दिवसभराचे आहे आणि इपॉक्सी नीट बसले नाही तर निर्वात गळतो, पण एकदा जमले की वर्षानुवर्षे पुरते. क्रायोस्टॅटच्या आतल्या भागासाठी तांब्याऐवजी फॉस्फर ब्राँझची पीळ दिलेली बारीक वायर बरी, कारण ती उष्णता फार कमी आत नेते; तिचा स्वतःचा रोध मीटरमागे दहा ओहमच्या आसपास असला तरी व्होल्टेजच्या वायरीतून प्रवाह जवळजवळ वाहतच नसल्याने तो मोजणीत येत नाही. प्रवाहाच्या वायरीसाठी मँगनिन हा तांब्याचा मिश्रधातूही चालतो. कॉन्स्टंटन हा दुसरा मिश्रधातू मात्र व्होल्टेजच्या वायरीसाठी कधीही वापरू नये. तांब्याशी त्याची जोडी अंशामागे सुमारे ४० मायक्रोव्होल्ट देते, म्हणूनच तर त्याचे थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या धातूंच्या जोड्या, करतात.

क्रायोस्टॅटबाहेर जेथे वायर बदलावीच लागते, तेथे दोन्ही व्होल्टेज जोड तांब्याच्या एकाच जाड ठोकळ्यावर, मध्ये कॅप्टॉन या निरोधक प्लास्टिकचा पातळ पट्टा ठेवून, एकमेकांच्या शेजारी दाबून बसवावेत. उद्देश एवढाच की दोन्ही जोडांचे तापमान एकच राहावे. नंतर तो ठोकळा कापसात गुंडाळून थर्मोकोलच्या लहान डब्यात ठेवावा. हा डबा दिसायला गबाळा असतो आणि पाहुणे आले की आमचे विद्यार्थी तो लपवू पाहतात, पण तो काम चोख करतो. जोडण्याआधी तांब्याची टोके बारीक सँडपेपरने लाल होईपर्यंत घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत आणि डाख देण्याऐवजी क्रिम्प करावीत (दाबून जोडावीत). निकेलचा मुलामा असलेले पितळी बनाना प्लग या परिपथातून हद्दपार करावेत. ते प्रवाहाच्या बाजूला चालतील, व्होल्टेजच्या बाजूला नाही.

दुसरा उपाय मोजण्याच्या पद्धतीचा आहे. प्रवाह उलटसुलट करून सरासरी घेतली की स्थिर व्होल्टेज निघून जाते, हे आपण जाणताच. पण क्रायोस्टॅट थंड होत असताना ते व्होल्टेज स्थिर नसते, सरकत असते, आणि दोन वाचनांच्या सरासरीत तो सरकाव शिल्लक राहतो. म्हणून तीन वाचने घ्यावीत: धन, ऋण, पुन्हा धन. पहिल्या आणि तिसऱ्या वाचनाच्या बेरजेतून दुसऱ्याची दुप्पट वजा करावी आणि आलेल्या संख्येला चारने भागावे. सरकाव एकसमान असेल तर तो यात पूर्ण निघून जातो. कीथली ६२२१ आणि २१८२ए ही जोडी हेच काम डेल्टा पद्धतीच्या नावाने आपोआप करते. तुमच्याकडे ती नसेल तर संगणकावर दहा ओळींचा प्रोग्राम लिहून तेच साधता येते. मात्र दिशा बदलल्यावर उपकरण स्थिरावण्यासाठी लागणारा वेळ प्रोग्राममध्ये सोडायला विसरू नये. आणि केवळ हे गणित येते म्हणून जोडण्या ढिसाळ ठेवू नयेत. १५ मायक्रोव्होल्टमधला सरकाव असमान असेल तर तीन वाचनेही त्याला पुरी पडत नाहीत.

संपर्कांबद्दल एक गोष्ट येथेच सांगतो, कारण ती प्रश्नात नाही पण परिणामात आहे. चांदीच्या लेपाचा संपर्क १०० ओहमचा असेल तर १० मिलिअँपियरला तेथे १० मिलिवॅट उष्णता निर्माण होते, तर वीस मिलिओहमच्या नमुन्यात फक्त २ मायक्रोवॅट. म्हणजे नमुना स्वतः नाही, संपर्कच त्याला तापवतो आणि ७७ केल्व्हिन लिहिलेल्या ओळीतला रोध खरे तर थोड्या वरच्या तापमानाचा असतो. प्रवाह निम्मा करून रोध तोच येतो का, हे पाहिल्याखेरीज कोणताही आकडा वहीत लिहू नये. संपर्क दाबून बसवलेल्या इंडियम या मऊ धातूचे केले तर त्यांचा रोध पुष्कळ खाली येतो.

आता नाचणाऱ्या अंकांकडे येतो. येथे ५० हर्ट्झची वीज आत शिरते आहे आणि तिला तीन दारे उघडी आहेत.

पहिले दार चुंबकीय क्षेत्राचे. आपण पाठवलेल्या छायाचित्रात व्होल्टेजची एक वायर क्रायोस्टॅटच्या मानेच्या डावीकडून आणि दुसरी उजवीकडून येते. दोहोंमध्ये वेढलेले क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर धरले आणि जवळच्या ट्रान्सफॉर्मरमुळे तेथे १ मायक्रोटेस्ला इतके ५० हर्ट्झचे क्षेत्र असले, तर त्या वेटोळ्यात सुमारे ३ मायक्रोव्होल्ट उपजतात. ॲल्युमिनियमची फॉइल याला अजिबात अडवत नाही. ५० हर्ट्झला तांब्यातसुद्धा असे क्षेत्र ९ मिलिमीटरहून जास्त खोल शिरते. फॉइलची जाडी मिलिमीटरच्या एका लहानशा अंशाएवढी असते. म्यूमेटल या चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूची नळी उपयोगी पडते, पण ती महाग असते आणि वाकवली की तिचा गुण कमी होतो. खरा उपाय फुकटचा आहे: क्षेत्रफळ काढून टाकणे. व्होल्टेजच्या दोन वायरींना एकमेकींभोवती घट्ट पीळ द्यावा, प्रवाहाच्या दोन वायरींना वेगळा पीळ द्यावा. नवखे लोक पुष्कळदा नमुन्याच्या एका टोकाकडे जाणारी प्रवाहाची आणि व्होल्टेजची वायर एकत्र पिळतात, कारण ती टोके शेजारी असतात. असे केल्याने दोन्ही वेटोळी मोठी होतात आणि प्रवाहाच्या परिपथातले बदल थेट व्होल्टेजच्या परिपथात उतरतात. जाणाऱ्या वायरीची जोडी येणाऱ्या वायरीशीच हवी. याशिवाय पंप, ट्रान्सफॉर्मर आणि वीजपुरवठा यांपासून अंतर वाढवावे. उपकरण दोन मीटर दूर सरकवल्याने जे साधते ते पुष्कळदा हजारो रुपयांच्या नळीने साधत नाही.

दुसरे दार उपकरणाच्या मांडणीतले आहे आणि ते बंद करायला अर्धे मिनिट लागते. सूक्ष्म व्होल्टमीटर आपले वाचन विजेच्या एका किंवा अनेक पूर्ण आवर्तनांवर सरासरी करतो, म्हणजे ५० हर्ट्झला २० मिलिसेकंदांच्या पटीत, म्हणून ५० हर्ट्झचा भाग शून्यात जातो. परदेशातून आलेले उपकरण ६० हर्ट्झवर बसवलेले असेल तर ते १६.७ मिलिसेकंदांवर सरासरी करते आणि भारतातली वीज त्याच्या चाळणीतून गळते. एका प्रयोगशाळेत मी दोन दिवस वायरी उचकटल्या आणि तिसऱ्या दिवशी उपकरणाच्या मेनूत ६० हा आकडा दिसला. तेव्हापासून मी आधी मेनू बघतो.

तिसरे दार अर्थिंगचे, आणि फॉइलने उघडलेले दार हेच. आपला क्रायोस्टॅट धातूच्या नळीने निर्वात पंपाला जोडलेला आहे. पंपाचा प्लग भिंतीवरच्या एका सॉकेटमध्ये आहे, उपकरणांचा रॅक दुसऱ्या सॉकेटवर आहे. दोन्ही सॉकेटच्या अर्थ पिना इमारतीत कोठेतरी दूर एकत्र येतात, आणि त्यांच्या दरम्यान जे यंत्र चालू असेल त्याच्या गळतीमुळे त्या दोन पिनांमध्ये काही दहा किंवा शंभर मिलिव्होल्टचे ५० हर्ट्झचे व्होल्टेज असणे ही जुन्या इमारतींमधली रोजची गोष्ट आहे. आपण फॉइल दोन्ही टोकांना जोडल्याबरोबर त्या व्होल्टेजला वाहायला रस्ता मिळाला. आता फॉइलमधून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो आणि तिच्या आत, तिला चिकटून, आपली मायक्रोव्होल्ट वाहणारी वायर आहे. संरक्षण म्हणून बांधलेली भिंतच आवाज करू लागली, असे झाले.

हे तपासण्यासाठी फॉइलचे क्रायोस्टॅटकडचे टोक सोडवून साध्या मल्टिमीटरने, एसी व्होल्टवर, क्रायोस्टॅटचे अंग आणि उपकरणाचा सांगाडा यांमधले व्होल्टेज मोजावे. काही मिलिव्होल्टहून जास्त दिसले तर गुन्हेगार सापडला. मग सर्व उपकरणे, संगणक आणि पंप एकाच वीजबोर्डवर घ्यावेत, आणि पंपाच्या नळीत एका सांध्याला प्लास्टिकची मध्य-रिंग आणि प्लास्टिकचा क्लॅम्प लावून क्रायोस्टॅट पंपापासून विद्युतदृष्ट्या अलग करावा. एवढे करूनही आवाज, म्हणजे आकड्यांची नको असलेली थरथर, राहिला तर संगणकाकडे जाणारी यूएसबी किंवा जीपीआयबीची (उपकरणे संगणकाला जोडणारी) केबल काढून, उपकरणाच्या पडद्यावर बघावे. त्या केबलमधूनही अर्थ येतो. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवणे ही याचीच सोपी चाचणी आहे.

येथे एक गोष्ट हात जोडून सांगतो. अर्थ वेटोळे तोडण्यासाठी कोणत्याही उपकरणाच्या तीन पिनांच्या प्लगमधली अर्थची पिन कापू नये किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावू नये. ५० हर्ट्झ खरोखरच नाहीसे होते आणि म्हणून हा उपाय मोहात पाडतो. पण उपकरणात आतून बिघाड झाला तर त्याचा सांगाडा २३० व्होल्टला जातो आणि दुसरा हात क्रायोस्टॅटवर असतो. वेटोळे तोडायचे ते संकेताच्या बाजूला, विजेच्या बाजूला कधीच नाही.

आता शील्ड. व्होल्टेजच्या पिळदार जोडीवर एक आणि प्रवाहाच्या जोडीवर दुसरी, अशा दोन वेगळ्या जाळीदार शील्ड असाव्यात आणि प्रत्येक शील्ड एकाच टोकाला जोडावी: व्होल्टेजची शील्ड नॅनोव्होल्टमीटरच्या लो टर्मिनलच्या बाजूला, प्रवाहाची शील्ड प्रवाहस्रोताच्या बाजूला. दुसऱ्या टोकाला ती वायरीपासून दोन सेंटिमीटर आधी कापून वर टेप गुंडाळावी, म्हणजे ती चुकून क्रायोस्टॅटच्या अंगाला टेकणार नाही. शील्डमधून मोजणीचा कोणताही प्रवाह परत आणू नये. समाक्ष केबलचे बाहेरचे आवरण परतीची वायर म्हणून वापरणे मोठ्या संकेतांना चालते. २०० मायक्रोव्होल्टला नाही. संपूर्ण परिपथ फक्त एका जागी अर्थ असावा, आणि ती जागा कोणती हे आकृतीत लाल शाईने लिहून ठेवावे.

पुढे आपण लॉक-इन ॲम्प्लिफायर (उलटसुलट होणारा प्रवाह देऊन फक्त त्याच वारंवारतेचा संकेत वेगळा काढणारे उपकरण) वापरण्याचा विचार करत आहात असे लिहिले आहे. त्यात थर्मल व्होल्टेज आपोआप गळून पडते हे खरे, पण एक वेगळा सापळा आहे. प्रवाहाचे परतीचे टोक अर्थ असेल आणि तेथला संपर्क १०० ओहमचा असेल, तर १० मिलिअँपियरला नमुन्याचे दोन्ही व्होल्टेज संपर्क अर्थपेक्षा एक व्होल्ट वर तरंगतात. लॉक-इन दोन्हीतला फरक घेतो, पण ही वजाबाकी परिपूर्ण नसते. १०० डेसिबल इतकी चांगली असली तरी एक व्होल्टचा लाखावा भाग, म्हणजे १० मायक्रोव्होल्ट, आत शिरतो. आपल्या २०० मायक्रोव्होल्टच्या संकेतात ती पाच टक्क्यांची चूक झाली, आणि ती दिलेल्या प्रवाहाशी एकाच तालात (समकलेत) असल्यामुळे सरासरीने जात नाही. संपर्क सुधारणे, किंवा नमुना दोन्ही बाजूंनी समतोल पद्धतीने चालवणे, हे यावरचे उपाय आहेत. वारंवारता ५० च्या पटीपासून दूर, १३ किंवा १७ हर्ट्झसारखी निवडावी. एसआर८३० या प्रचलित उपकरणावर शील्ड अर्थला १० ओहममधून जोडायची की १० किलोओहममधून, याचे बटण असते. अर्थ वेटोळ्याची शंका असेल तर दुसरा पर्याय घ्यावा.

आता ऑक्साइडच्या नमुन्याकडे. येथे चित्र पूर्ण उलटते. नमुन्यावर १०० व्होल्ट असतील तर प्रवाह १० नॅनोअँपियर असतो आणि मायक्रोव्होल्टचे जोड येथे कोणी विचारत नाही. पण १० गिगाओहमच्या नमुन्याला समांतर ४० गिगाओहमची गळती असेल तर मीटर बरोबर ८ गिगाओहम दाखवतो. पावसाळी दिवशी आपल्याला दिसणारा आकडा हाच आहे. आपण वापरत असलेली पीव्हीसीची टर्मिनल पट्टी आणि फायबरग्लासची पाटी यांच्या पृष्ठभागावर दमट हवेत पाण्याचा अदृश्य थर चढतो, त्यात बोटांवरचे मीठ विरघळते, आणि तो थर नमुन्याला समांतर रोध होऊन बसतो. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात आर्द्रता ८० टक्क्यांवर सहज असते. त्या दिवसांत उघड्या टेबलावर गिगाओहम मोजणे म्हणजे हवामान मोजणे.

पहिली दुरुस्ती सामग्रीची: टर्मिनलखाली पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन. त्याच्या आतून गळती नगण्य असते आणि पृष्ठभाग पाणी धरत नाही. पण टेफ्लॉनलाही बोट लागले की त्याचा गुण जातो, म्हणून ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरड्या नायट्रोजनने वाळवून, पुढे चिमट्यानेच हाताळावे. डब्यात सिलिका जेल ठेवावे आणि निळ्याचे गुलाबी झाले की तापवून वाळवावे.

दुसरी दुरुस्ती गार्डची आहे, आणि गार्ड म्हणजे शील्ड नव्हे, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. शील्ड बाहेरच्या विद्युत क्षेत्राला अडवते. गार्ड हा एक वाहक असतो, जो संवेदनशील वायरीच्या विभवालाच ठेवलेला असतो, म्हणून त्या दोहोंमधल्या निरोधकावर व्होल्टेजच नसते आणि व्होल्टेज नसेल तर गळतीही नसते. निरोधक सुधारण्याऐवजी त्याच्यावरचे व्होल्टेज काढून घेणे, ही त्यातली युक्ती आहे.

आपण स्थिर १०० व्होल्ट लावून इलेक्ट्रोमीटरने, म्हणजे अतिसूक्ष्म प्रवाह मोजणाऱ्या मीटरने, प्रवाह मोजता, तेव्हा गार्ड कोठे लागतो ते नीट पाहावे लागते. १०० व्होल्टच्या टर्मिनलपासून अर्थकडे होणारी गळती त्रासदायक नसते. ती स्रोत पुरवतो आणि मीटरला ती दिसत नाही. त्रास फक्त त्या गळतीचा, जी १०० व्होल्टच्या टर्मिनलपासून पाटीच्या पृष्ठभागावरून सरकत इलेक्ट्रोमीटरच्या इनपुटपर्यंत पोहोचते. म्हणून इनपुटच्या टर्मिनलभोवती पितळेची एक रिंग बसवावी आणि ती इलेक्ट्रोमीटरच्या लो टर्मिनलला जोडावी. इनपुट स्वतः जवळजवळ त्याच विभवाला असते, त्यामुळे रिंग आणि इनपुट यांत गळती होत नाही, आणि १०० व्होल्टकडून निघालेली गळती रिंगपाशीच पकडली जाऊन मीटरला वळसा घालून परत जाते. माझ्या माहितीतल्या एका मांडणीत फक्त ही रिंग, आतील व्यास १२ मिलिमीटर, बसवल्यावर पावसाळी आणि कोरड्या दिवसांतला फरक नजरेत येईनासा झाला. पाटी मात्र तीच जुनी होती.

केबल ट्रायॅक्स हवी: आत संवेदनशील वायर, मध्ये गार्ड, बाहेर अर्थ. बाहेरचे आवरण अर्थ असलेच पाहिजे, कारण काही पद्धतींत गार्ड शेकडो व्होल्टला असतो आणि तो उघडा राहिला तर हात लागेल. केबल साधी असेल तर ती हलवल्यावर आतले वाहक आणि निरोधक एकमेकांवर घासून प्रवाह निर्माण होतो. वहीचे पान उलटताना कोपर केबलला लागला तरी पिकोअँपियरचा आकडा उडी मारतो. निरोधकावर ग्रॅफाइटचा थर असलेली कमी आवाजाची केबल मिळते. ती नसेल तर आहे ती केबल टेबलाला दर पंधरा सेंटिमीटरवर टेपने चिकटवावी आणि पंपाचे कंपन तिच्यापर्यंत जाऊ देऊ नये.

थांबण्याचा वेळही हिशेबात धरावा. तीन मीटर केबलची धारिता साधारण ३०० पिकोफॅरड असते. प्रवाह देऊन व्होल्टेज मोजण्याच्या पद्धतीत १० गिगाओहमशी तिचा काळ-स्थिरांक ३ सेकंद होतो, आणि आकडा खरोखर स्थिरावायला त्याच्या सात पट वेळ, म्हणजे वीस सेकंद, द्यावा लागतो. व्होल्टेज देऊन प्रवाह मोजला तर केबल भरावी लागत नाही आणि हा वेळ बराच वाचतो. आपल्या नमुन्यासाठी मी तीच पद्धत चालू ठेवीन. ऑक्साइडवर उजेड पडला तरी त्याचा रोध बदलू शकतो. धातूचा बंद डबा वापरण्याचे हेही एक कारण आहे, आणि अशा डब्याला झाकण नसेल तर तो डबा नव्हे.

सगळे झाल्यावर तपासणी याच क्रमाने करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नॅनोव्होल्टमीटरची दोन्ही टोके स्वच्छ तांब्याच्या तुकड्याने एकमेकांना थेट जोडून (शॉर्ट करून) तासभर वाचन घ्यावे; उपकरणाचा स्वतःचा आवाज तेवढा. नंतर नमुन्याच्या जागी चार टर्मिनलचा मँगनिनचा १० मिलिओहमचा प्रमाण रोध लावावा, ज्याचे अंशांकन नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. शेवटी खऱ्या नमुन्यावर प्रवाहाची जोडी आणि व्होल्टेजची जोडी आपसांत बदलून पुन्हा मोजावे. चुंबकीय क्षेत्र नसेल तर दोन्ही रोध समानच यायला हवेत. ते वेगळे आले तर कोठेतरी गळती आहे, संपर्क तापतो आहे किंवा व्होल्टेजची एखादी वायर सुटली आहे. सुटलेली वायर सर्वांत फसवी, कारण कधी कधी ती शून्याजवळचा अगदी स्थिर आकडा दाखवते आणि मनुष्य आनंदाने तो वहीत लिहितो.

राहिली ती ॲल्युमिनियमची फॉइल. वायरींवरून ती काढून टाका, पण फेकू नका. ऑक्साइडच्या डब्याच्या झाकणाखाली जी फट राहते ती बुजवायला तिची घडी उत्तम बसते; फक्त ती डब्याला टेकलेली असावी, आणि डब्याचा अर्थ एकाच ठिकाणाहून यावा.